गाठीचा रिपोर्ट वाचताना

स्तनातली कर्करोगाची गाठ काढली की घरचे आधी विचारतात, "केवढी होती?" प्रश्न रास्त आहे. २ सेंटिमीटरच्या आतली गाठ आणि ५ सेंटिमीटरच्या पुढची गाठ यांच्या धोक्यात फरक असतोच. पण रोग स्तनाबाहेर पडण्याचा संभव किती, याचा अंदाज घेताना डॉक्टर काखेकडे जास्त लक्ष देतात.

स्तनातला लसिकेचा बराचसा निचरा काखेतल्या लसिकाग्रंथींकडे होतो. निसटलेल्या पेशी बहुधा तिथेच आधी सापडतात. तपासताना काखेत काही लागत नसेल, तर स्तनात निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचतात आणि तो आधी पोचेल त्या मोजक्याच ग्रंथी काढून पाहतात. पूर्वी सरसकट सगळ्या काढत, आणि पुष्कळ बायकांचा हात कायमचा सुजायचा. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या गटाने १९७१ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत, काखेत काही लागत नसलेल्या बायकांच्या ग्रंथी आधीच काढल्या काय किंवा पुढे वाढल्यावर काढल्या काय, २५ वर्षांनंतरही आयुर्मानात फरक दिसला नाही. म्हणजे बाधित ग्रंथी मुख्यतः रोगाचा स्वभाव सांगते. बाधित ग्रंथी १ ते ३, ४ ते ९ की १० किंवा त्याहून जास्त, यावर धोका चढत जातो.

ग्रंथी निर्मळ निघाल्या तरी 'लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन' ही ओळ पाहावी. गाठीभोवतीच्या बारीक वाहिन्यांत पेशी शिरलेल्या दिसल्या का, ते तिथे लिहितात.

ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे. 'ग्रेड तीन' वाचून तिसरी स्टेज समजणारे पुष्कळ भेटतात. स्टेज रोग कुठवर गेला ते सांगते. ग्रेड सूक्ष्मदर्शकाखाली ठरते: पेशी नळ्यांसारखी रचना किती राखून आहेत, त्यांची केंद्रकं किती बेढब आहेत, विभाजन किती वेगाने चाललंय. प्रत्येकाला १ ते ३ गुण. बेरीज ८ किंवा ९ आली तर ग्रेड तीन.

शेवटी ईआर, पीआर (पेशींवरचे संप्रेरकांचे ग्राहक) आणि हर-टू (पेशींना वाढीचा संदेश देणारं प्रथिन). हर-टू पॉझिटिव्ह म्हटलं की एके काळी धसका बसायचा. १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब हे औषध आल्यावर चित्र पालटलं. तिन्ही निगेटिव्ह असलेला रोग उलटायचा तर बहुधा पहिल्या काही वर्षांतच उलटतो. ईआर पॉझिटिव्ह रोग सुरुवातीला सौम्य वाटला, तरी दहा-पंधरा वर्षांनीही हाडांत डोकं वर काढू शकतो. म्हणून त्याच्यावरच्या संप्रेरकविरोधी गोळ्या निदान पाच वर्षं, कधी दहा वर्षं चालतात.