जवाहरनगर ते तारकर्ली : स्कूबा शिकण्याचे टप्पे

मालवणची ‘स्कूबा’ आणि शिकलेला डायव्हर

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत जवाहरनगर, भंडारा, तुमसर या भागातली अनेक कुटुंबं कोकणात जातात आणि मालवणला पोचल्यावर ‘स्कूबा’ करून येतात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात गाइड मागून सिलिंडर धरून ठेवतो, पर्यटक तोंडाने श्वास घेत मासे पाहतो, खाली फोटो निघतात आणि थोड्या वेळात सगळे बोटीवर परततात. अनुभव म्हणून तो जरूर घ्यावा. समुद्राच्या आत काय आहे हे एकदा पाहिलेला माणूस किनाऱ्यावर प्लास्टिक टाकताना थबकतो, असं माझं निरीक्षण आहे.

पण याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. सिलिंडरमध्ये हवा किती उरली हे गाइड पाहतो, किती खोल जायचं हे तो ठरवतो आणि वर कधी यायचं तेही त्याच्याच हातात असतं. अशा चाचणी-डाइव्हची कमाल मर्यादा १२ मीटर आहे आणि तिच्यातून कोणतंही कार्ड मिळत नाही. स्वतःची हवा स्वतः पाहणं, पाण्यात एका पातळीवर स्थिर राहणं, अडचण आली तर न घाबरता ती सोडवणं आणि जोडीदाराकडे लक्ष ठेवणं, एवढं ज्याला जमतं तो डायव्हर. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर राहून तिथपर्यंत कसं पोचायचं, ते पुढे सांगतो.

कार्ड देतं कोण

वाहन चालवण्याच्या परवान्यासारखं हे सरकारी कार्ड नसतं. ते प्रशिक्षण-संस्था देतात. ब्रिटनची बीएसएसी १९५३ पासून आहे, सीमास १९५९ पासून. सीमासचे पहिले अध्यक्ष झाक कुस्तो होते. त्यांनी आणि एमिल गान्याँ यांनी १९४३ साली पाण्याखाली मागणीप्रमाणे हवा पुरवणारं उपकरण तयार केलं आणि आजची स्कूबा त्यातूनच उभी राहिली. भारतात सगळ्यांत जास्त दिसतात त्या पॅडी आणि एसएसआय. पॅडी १९६६ साली जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन यांनी अमेरिकेत सुरू केली, एसएसआय १९७० साली निघाली. अभ्यासक्रमांसाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरलेलं असल्याने एका संस्थेचं कार्ड दुसऱ्या संस्थेच्या केंद्रात चालतं. म्हणून संस्थेच्या नावापेक्षा प्रशिक्षक कसा आहे, हे जास्त पाहावं.

महाराष्ट्रात यासाठी एक नाव ठळक आहे. राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने मालवण तालुक्यात तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग आणि जलक्रीडांची संस्था उभारली आहे. तिथे प्रशिक्षणासाठी खास बांधलेला खोल तरणतलाव आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्या पुढाकाराने ती नावारूपाला आली. शेजारीच १९८७ साली जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे शिकणाऱ्याला प्रवाळ आणि मासे यांची ओळख अभ्यासाबरोबरच होते. पावसाळ्यात, साधारण जून ते सप्टेंबर, तिथला समुद्र बंद असतो. तारखा त्यानुसार ठरवाव्या.

कुठल्याही केंद्रात पैसे भरण्याआधी प्रशिक्षकाचा सदस्य-क्रमांक मागावा आणि संस्थेच्या संकेतस्थळावर तो चालू आहे का, ते तपासावं. विचारायला संकोच करू नये. चांगल्या प्रशिक्षकाला त्यात वावगं वाटत नाही.

घरून निघण्याआधी

आपल्याकडे समुद्र नाही, पण तयारीचा मोठा भाग इथेच होतो. पहिली अट पोहण्याची. पॅडीच्या ओपन वॉटर अभ्यासक्रमात न थांबता २०० मीटर पोहून दाखवावं लागतं. वेळेचं बंधन नाही, कुठलाही प्रकार चालतो. मास्क, स्नॉर्कल आणि फिन्स लावले तर अंतर ३०० मीटर होतं. शिवाय कशाचाही आधार न घेता १० मिनिटं तरंगायचं असतं. मामा (माजी मालगुजारी) तलावात किंवा वैनगंगेत लहानपणी पोहायला शिकलेल्या मुलांना तरंगणं सहसा जड जात नाही, लांब अंतर दमसासाने पोहणं मात्र सरावानेच येतं. तो सराव तरणतलावात करावा. पन्नासेक किलोमीटरवरच्या नागपुरात त्याची सोय आहे. तलावात उतरून स्कूबाचे प्रयोग करायचे नाहीत. गाळ, पाणवनस्पती आणि मासेमारीची जाळी यांत अनुभवी माणूसही अडकतो.

दुसरी गोष्ट वैद्यकीय प्रश्नावली. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, मधुमेह, सुरू असलेली औषधं असे प्रश्न तिच्यात असतात. ठरावीक प्रश्नांचं उत्तर ‘हो’ आलं की डॉक्टरांची सही लागते. ही सही भंडाऱ्यातच घ्यावी. तारकर्लीला पोचल्यावर पहिल्या सकाळी डॉक्टर शोधत फिरण्यात एक दिवस जातो. कार्यक्रम मोडेल या भीतीने ‘नाही’ लिहिणारे लोक असतात. कृपा करून तसं करू नका. दम्याच्या माणसाच्या फुफ्फुसात वर येताना हवा कोंडली तर जिवावर बेतू शकतं. गरोदर स्त्रियांनी डाइव्ह करूच नये.

तिसरी गोष्ट अभ्यास. पुस्तकी भाग आता घरबसल्या ऑनलाइन पुरा करता येतो. त्यापुढे जाऊन, पुस्तकी भाग आणि तरणतलावातला सराव एका ठिकाणी करून समुद्रातले डाइव्ह दुसऱ्या ठिकाणी करण्याचीही सोय आहे, तिला रेफरल म्हणतात. पॅडीत तिची मुदत १२ महिने असते. पाण्यापासून दूर राहणाऱ्यांनी या सोयीची चौकशी अवश्य करावी. म्हणजे समुद्रावरचे मोजके दिवस वर्गात बसण्यात जात नाहीत.

ओपन वॉटर : पहिलं खरं कार्ड

वयाची अट १० वर्षं पूर्ण. १५ वर्षांखालच्यांना ज्युनियर कार्ड मिळतं आणि १०-११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरच्या खाली जाता येत नाही. मोठ्यांची मर्यादा १८ मीटर. अभ्यासक्रमाचे तीन भाग : पुस्तकी ज्ञान, तरणतलाव किंवा शांत उथळ पाण्यातली पाच सत्रं आणि समुद्रातले किमान चार डाइव्ह.

तरणतलावातली सत्रं कंटाळवाणी वाटू शकतात, पण सगळं शिक्षण तिथेच आहे. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरू द्यायचं आणि नाकाने हवा सोडून ते बाहेर काढायचं. तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घेतो तो भाग, काढून टाकायचा, हात मागून फिरवून तो परत शोधायचा. आपली हवा संपली असं धरून जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरवर श्वास घेत वर यायचं. हलके श्वास घेत, हातपाय न मारता पाण्यात अधांतरी स्थिर राहायचं. शेवटचं सगळ्यांत उशिरा जमतं, आणि ज्याला ते जमत नाही त्याच्या फिन्सखाली प्रवाळ मोडतो.

नाकात पाणी गेलं की बहुतेकांना धडधडायला लागतं. मास्कचा सराव एकदा जमला म्हणून सोडू नये. विचार न करता हात चालू लागेपर्यंत तो करत राहावा. प्रशिक्षक घाई करत असेल तर ‘अजून एकदा’ म्हणण्याचा हक्क शिकणाऱ्याचा आहे.

दाब, कान, श्वास आणि हवेचा हिशेब

समुद्रसपाटीला हवेचा दाब १ वातावरण असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात आणखी एक वातावरण मिळतं. म्हणजे १० मीटरवर २, २० मीटरवर ३. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. उतरताना कानाच्या पडद्यामागची हवा आकसते, कान दुखू लागतात. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारून कान मोकळे करायचे, आणि ते दुखायच्या आधीच. सर्दी असेल तर हे होत नाही. त्या दिवशी डाइव्ह रद्द करावा, पैसे बुडाले तरी.

वर येताना याच्या उलट होतं. १० मीटरवर छातीभर हवा घेऊन श्वास कोंडला आणि तसंच वर आलं, तर ती हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुफ्फुस फाटू शकतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम आहे : श्वास कधीही रोखायचा नाही. वर सावकाश यायचं आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं, म्हणजे रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे न होता बाहेर पडतो.

हवेचा हिशेब सोपा आहे. नेहमीचं ११ लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलं की त्यात सुमारे २,२०० लिटर हवा मावते. त्यातले ५० बार राखीव ठेवून उरतात १,६५० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला १० मीटरवर ४० आणि २० मीटरवर ६० लिटर लागते. म्हणजे तेच सिलिंडर पहिल्या खोलीवर सुमारे ४० मिनिटं पुरतं, दुसऱ्या खोलीवर २७. घाबरलेला माणूस याहून बरीच जास्त हवा वापरतो.

आपल्याकडे गोड्या पाण्यात सराव केलेल्यांसाठी एक सूचना. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. माणूस आणि सामान मिळून १०० किलो भरत असेल, तर तरणतलावात बेताचं ठरलेलं शिसं समुद्रात सुमारे अडीच किलोंनी कमी पडतं आणि माणूस खाली जातच नाही. पहिल्या डाइव्हआधी वजन पुन्हा तपासून घ्यावं.

ॲडव्हान्स्डची घाई नको

पुढचा टप्पा ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर. यात पाच डाइव्ह असतात. खोल डाइव्ह आणि होकायंत्राने दिशा शोधणं सक्तीचं, बाकीचे तीन आवडीचे. मर्यादा वाढून ३० मीटर होते. नियमाप्रमाणे हा अभ्यासक्रम ओपन वॉटर संपल्या संपल्या करता येतो, आणि अनेक केंद्रं दोन्ही एकत्र विकतात. म्हणजे समुद्रातल्या अवघ्या नऊ डाइव्हनंतर हातात ३० मीटरचं कार्ड. मला हे पटत नाही. खोलवर नायट्रोजनने गुंगी येते, हवा झपाट्याने संपते आणि चुकीला वेळ उरत नाही. मधे निदान एक हंगाम जाऊ द्यावा. कर्नाटकातलं नेत्राणी बेट, गोव्यातलं ग्रँड बेट, अंदमान किंवा मालवण, जिथे जमेल तिथे १०-१५ मीटरवर साधे डाइव्ह करावेत, प्रत्येकाची नोंद वहीत ठेवावी आणि मग पुढे जावं. कार्डाची मुदत संपत नाही, हात मात्र विसरतात. वर्षभर पाण्यात गेला नसाल तर उजळणीचं सत्र घ्या.

रेस्क्यू

माझ्या मते सगळ्या पायऱ्यांमध्ये मोलाची ही. प्रथमोपचार आणि छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचं प्रशिक्षण गेल्या २४ महिन्यांत झालेलं असावं लागतं. दमलेल्याला ओढून आणणं, भेदरलेल्याकडे त्याच्या मिठीत न सापडता जाणं, बेशुद्ध माणसाला वर आणून पाण्यातच श्वास देणं, हरवलेल्याचा पद्धतशीर शोध घेणं, हे सगळं पुन्हा पुन्हा करवून घेतात. संकट येण्याआधी ते ओळखण्याची नजर इथे येते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा आटोपून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखालचं सगळं नीट पार पडलं म्हणजे दिवस संपला असं नसतं. लाइफ जॅकेट परतीच्या प्रवासातही अंगावर हवं.

परतीचा प्रवास

गोव्याहून नागपूरचं विमान पकडायचं असेल तर सलग दिवस डाइव्ह केल्यावर किमान १८ तास थांबायचं, एकच डाइव्ह असेल तर १२. हा नियम ६०० मीटरवरच्या उंचीला लागू धरतात. आंबोली ६९० मीटरवर आहे. तेव्हा सकाळी डाइव्ह आणि दुपारी गाडीने आंबोली घाट, असा बेत करू नये. मालवणहून कुडाळ स्टेशन गाठून कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना ही अडचण नाही.

पेशा, आणि वैनगंगेची गरज

डाइव्हमास्टर ही पेशाची पहिली पायरी. वय १८, सुरुवातीला ४० डाइव्ह आणि संपेपर्यंत ६०. प्रशिक्षकाच्या परीक्षेसाठी १००. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पातून किनाऱ्यावरच्या तरुणांना स्नॉर्कलिंग आणि स्कूबाचं प्रशिक्षण मिळालं, त्यात मच्छीमार घरांतली मुलंही होती. पाण्याची सवय आधीच असलेल्यांना शिकवलं की काम टिकतं.

भंडारा जिल्ह्यातही असे लोक आहेत. कुणी बुडालं की पहिली हाक ढिवर समाजातल्या पोहणाऱ्यांना जाते, आपत्ती दलाचं पथक नागपूरहून येईपर्यंत तेच पाण्यात असतात. गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर भंडारा शहरापर्यंत आल्यापासून नदीचं खोल पाणी वाढलं आहे. मात्र हौशी डायव्हरचं कार्ड या कामाला पुरत नाही. गढूळ पाण्यात, काहीही दिसत नसताना दोरीने बांधून केलेला शोध हे वेगळं शास्त्र आहे आणि त्याचं प्रशिक्षणही वेगळं असतं. क्रम असा हवा : ओपन वॉटर, ॲडव्हान्स्ड, भरपूर सराव, रेस्क्यू आणि त्यानंतर शोध-बचावाचा खास अभ्यासक्रम. एवढा खर्च नदीकाठच्या घरांना पेलणार नाही. जिल्हा प्रशासनाने नदीकाठच्या गावांतले काही जण निवडून, संपूर्ण खर्च आणि विमा उचलून, पावसाळा संपताच त्यांना तारकर्लीला धाडावं.