गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस : स्वरूप आणि व्यवस्थापन

प्रस्तावना :
भुसावळ हे मध्य रेल्वेचे महत्त्वाचे जंक्शन असून हा परिसर केळीच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. रुळांची देखभाल करणारे कामगार, केळीचे घड वाहणारे मजूर आणि उकिडवे बसून घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्या गुडघ्यांवर वर्षानुवर्षे भार पडतो. वय, स्थूलता, जुनी दुखापत व आनुवंशिकता यांप्रमाणेच असे श्रम हेही ऑस्टिओआर्थ्रायटिसचे ज्ञात कारण आहे. २०२० मध्ये जगातील सुमारे ५९.५ कोटी लोकांना हा विकार होता. 'गुडघे झिजले' असे निदान कानी पडताच अनेक रुग्ण चालणेच सोडतात. हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे.

स्वरूप :
सांधा म्हणजे यंत्राचा निर्जीव भाग नव्हे. हाडांच्या टोकांवरील कूर्चेला रक्तपुरवठा नसतो. हालचालीमुळे भार पडतो व हटतो, तेव्हा सांध्यातील द्रवातून तिचे पोषण होते. हालचाल थांबली की मांडीचे स्नायू दुर्बल होतात, सांध्याचा आधार कमी होतो आणि वेदना वाढते. क्ष-किरण चित्रातील बदल व प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. या विकारात सकाळचा ताठरपणा साधारणतः अर्ध्या तासात ओसरतो. आमवातात तो अधिक काळ टिकतो.

व्यवस्थापन :
व्यायाम व वजन नियंत्रण हे उपचाराचे मूळ अंग होय. वजन एक किलोने घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने कमी होतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करून काही क्षण धरणे हा सोपा व्यायाम आहे. खानदेशातील कडक उन्हाळ्यात चालण्यासाठी पहाटेची वेळ निवडावी. प्रारंभी वेदनाशामक मलम वापरावे. पोटातील गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंडास अपाय संभवतो. सांधा लाल व गरम होऊन ताप आल्यास त्वरित वैद्यकीय तपासणी करावी.

अन्य उपाय अपुरे पडल्यास सांधेप्रत्यारोपणाचा विचार करावा. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर ही शस्त्रक्रिया २००० व २००१ मध्ये मुंबईत झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली.

निष्कर्ष :
हा विकार समूळ बरा होत नसला तरी आटोक्यात ठेवता येतो. त्यासाठी विश्रांतीपेक्षा योग्य हालचाल अधिक उपयुक्त ठरते.