पाण्यातील बुरशी : ओळख व वर्गवारी



बुरशी म्हटली की शिळ्या भाकरीवरचा थर किंवा उसाची काणी डोळ्यांपुढे येते. पण पाटाच्या आणि सरीत तुंबलेल्या पाण्यातही डोळ्यांना न दिसणारी बुरशी असते. तिची ओळख पटली नाही तर औषधाचा पैसा वाया जातो.

ती पाहावी कशी? साचलेले पाणी भांड्यात घेऊन त्यात उकडलेल्या तिळाचे चार-सहा दाणे टाकावेत. तीन-चार दिवसांत दाण्यांवर कापसासारखे पांढरे तंतू दिसू लागतात. पुढचे काम सूक्ष्मदर्शक यंत्राचे. बीजाणू पिशवीतून कसे निघतात यावरून जात ठरते. 'सॅप्रोलेग्निया'चे बीजाणू निघताच पोहू लागतात. 'अ‍ॅक्लिया'चे पिशवीच्या तोंडाशी गोळा होऊन थांबतात. 'पिथियम'मध्ये पिशवीला पातळ फुगा येतो, त्यात बीजाणू तयार होतात आणि फुगा फुटला की पोहत सुटतात. बिहारमधील पुसा येथील शास्त्रज्ञ ई. जे. बटलर यांनी १९०७ साली पिथियमवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला होता.

या तिघांना पूर्वी बुरशीतच गणत. आता त्यांचे कूळ वेगळे मानतात. खऱ्या बुरशीच्या पेशीभिंतीत कायटिन असते. यांच्यात मुख्यतः ग्लुकन व सेल्युलोज. यांच्या पोहणाऱ्या बीजाणूला दोन शेपट्या असतात आणि नाते समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी लागते. पाण्यातली खरी बुरशी म्हणजे 'कायट्रिड'. तिच्या बीजाणूला बहुधा मागे एकच शेपूट असते.

आता म्हणाल, याचा आमच्या शेताशी संबंध काय? काणी व लाल कूज हे खऱ्या बुरशीचे रोग. बेणेप्रक्रियेत आपण वापरतो ते कार्बेन्डाझिम पिथियमवर चालत नाही. पाणथळ रानातील उसाची मूळकुज आणि आले-हळदीची कंदकुज पुष्कळदा पिथियममुळेच होते. द्राक्षावरचा केवडा त्याच कुळातला. तेथे मेटॅलॅक्सिलसारखे औषध लागते. मात्र कंदकुज जिवाणूमुळेही होते, म्हणून अंदाजाने औषध ओतू नये.

खरा उपाय निचऱ्याचा. पाणी नसेल तर हा बीजाणू पोहणार कशात? पावसाळ्यापूर्वी चर काढावेत, सरीत पाणी तुंबू देऊ नये. रोगट मुळे किंवा कंद मातीसह ताजे असतानाच जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात दाखवावेत. निदान झाल्यावरच औषध घ्यावे.