श्रीलंकेला निघालात? कॅमेऱ्याचे रोल हातातल्या बॅगेतच ठेवा!

आपल्यापैकी बऱ्याच घरांत आजी-आजोबांचा एकही फोटो नाही. जिथे पोटाला पुरत नव्हते, तिथे फोटोला पैसे कुठून येणार? म्हणूनच एखादे कुटुंब वर्षानुवर्षे पै-पै साठवून अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहायला निघते, तेव्हा तिथला प्रत्येक फोटो मोलाचा असतो. हल्ली मोबाईल सर्वांजवळ आहे. तरी काही घरांत रोलचा कॅमेरा जपून ठेवलेला असतो, आणि तरुण मुलेमुलीही पुन्हा त्याकडे वळू लागली आहेत. त्यांच्यासाठी आम्ही चार गोष्टी सांगत आहोत.

पहिली गोष्ट रोलची. विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत रोल कधीही ठेवू नका. त्या सामानाची तपासणी जोरदार क्ष-किरणांनी होते. रोलवर चांदीच्या क्षारांचा थर असतो, आणि क्ष-किरण त्यावर प्रकाशासारखेच काम करतात. रोल बंद असला तरी आत धूसर पट्टे उमटतात. हे कळते रोल धुतल्यावर, तेव्हा उपाय उरलेला नसतो. परतीच्या प्रवासात तर अधिक जपा. कोरा रोल पुन्हा विकत मिळेल. बोधिवृक्षापुढे हात जोडून उभ्या असलेल्या आईचा फोटो पुन्हा मिळणार नाही.

हातातल्या बॅगेच्या जुन्या यंत्रातून 100, 200 वा 400 आयएसओचा रोल एक-दोनदा गेला तर सहसा बिघडत नाही. 800 व त्यापुढचा मात्र जाऊ देऊ नये. अनेक विमानतळांवर आता सीटी पद्धतीची यंत्रे आली आहेत. त्यांतून न धुतलेला कोणताही रोल घालू नये. पुठ्ठ्याची खोकी काढून रोल पारदर्शक पिशवीत ठेवा, विमानतळावर वेळेआधी पोहोचा आणि 'हे हाताने तपासावे' अशी नम्र विनंती करा. मान्य करणे अधिकाऱ्यांच्या हाती आहे. पण विचारायला लाजू नका. कॅमेऱ्यात अर्धवट रोल असेल तर तो आधीच गुंडाळून बाहेर काढा. धुतलेल्या निगेटिव्हला व मेमरी कार्डाला हा धोका नाही.

दुसरी गोष्ट सेलची. लिथियमचे सुटे सेल आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यायचे असतात. सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा.

तिसरी गोष्ट हवेची. तिकडे उकाडा आणि दमटपणा फार. औषधाच्या बाटलीत किंवा बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या कॅमेऱ्याच्या पिशवीत टाका. उन्हात उभ्या गाडीत रोल सोडू नका.

चौथी गोष्ट कागदांची. कॅमेरा महागडा असेल तर बिलाची प्रत जवळ ठेवा. निघताना कस्टम अधिकाऱ्यांना तो दाखवून त्याच्या क्रमांकासह निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना जकातीचा प्रश्न येणार नाही.

आणखी एक सांगणे. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे हा मोठा अनादर समजतात. लहान मुलांना हे घरूनच समजावून न्या.

घरी आल्यावर रोल लगेच धुवायला द्या. फोटो हाती आले की मागे पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहा. उद्या नातवंडांनी 'हे कोण?' असे विचारले, तर फोटोनेच उत्तर द्यावे.