निवृत्ती नसलेल्यांचे म्हातारपण

‘निवृत्तीनंतर वेळ कसा घालवायचा?’ हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या हास्यक्लबात रोज ऐकू येतो. बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर तो कोणी विचारत नाही. येथे कोरडवाहू शेती, शेळ्या आणि ऊसतोड. साठी झाली म्हणून शाल-श्रीफळ मिळत नाही आणि काम थांबत नाही. उलट दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातली लाखो माणसे कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघाली, की मार्च-एप्रिलपर्यंत गावात उरतात म्हातारी माणसे, नातवंडे आणि जनावरे. शहरातला माणूस ज्या वयात मोकळा होतो, त्या वयात येथल्या आजीचा दुसरा संसार सुरू होतो.

म्हणून वार्धक्यशास्त्राचा नेहमीचा सल्ला, म्हणजे छंद जोपासा, कामात राहा, येथे जरा हास्यास्पद वाटतो. काम भरपूर आहे. कमी पडते ती स्वतःची अशी वेळ, बरोबरीच्या वयाची संगत आणि आपल्याला आवडते म्हणून करायची एखादी गोष्ट. या भागात हे तिन्ही बऱ्याच जणांना मिळते ते गडावर.

नगद नारायण महाराजांचे हे स्थान ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते. पंढरपूरला जाणे ज्यांना जमत नाही, ते आषाढी एकादशीला येथे येतात. श्रद्धा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण वारकरी रिवाजात शरीराला काय काय करावे लागते, ते पाहण्यासारखे आहे. पावली खेळताना माणूस पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे पावले टाकतो, क्षणभर एका पायावर भार घेतो, हातात टाळ आणि तोंडात पाठ केलेला अभंग असतो. म्हातारपणी तोल जाऊन पडू नये म्हणून फिजिओथेरपिस्ट नेमके हेच करून घेतात: पावले टाकता टाकता मेंदूला दुसरे काम द्यायचे. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील लोकांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते आणि त्यात तोल व ताकदीचे व्यायाम किमान तीन दिवस हवेत म्हणते. हा दुसरा भाग आपल्याकडे बहुतेक जण विसरतात. नुसते चालणे पुरेसे नाही.

मनाचे काय? जपानमधल्या ओसाकी भागात ४० ते ७९ वयाच्या ४३ हजारांहून अधिक लोकांना ‘तुमच्या आयुष्यात जगण्यासारखे काही आहे का?’ असे विचारून सात वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ‘नाही’ म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचे, विशेषतः हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. अर्थात आजारी माणसाला जगण्यात गोडी कमी वाटते, हेही खरेच. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा अभ्यासातून ठामपणे सांगता येत नाही. तरी संबंध दिसतो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

खरी अडचण गडापर्यंत न पोचणाऱ्यांची आहे, आणि त्यात बायका जास्त. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या माहितीनुसार बीडमधल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. त्यातल्या कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या. तेव्हा चर्चा झाली ती शस्त्रक्रियांची. म्हातारपणाची फारशी झाली नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशये काढली, तर इस्ट्रोजेन एकदम तुटते आणि हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. अंडाशये ठेवली, तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याची शक्यता वाढते. या बायका आता पन्नाशी-साठीत शिरत आहेत. अशा बाईने वय थोडे असले, तरी हाडांची घनता तपासून घ्यावी आणि कॅल्शियम-ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. भाकरीबरोबर तिळाची चटणी, हुलग्याचे माडगे, दूध किंवा ताक, चालत असेल त्यांना अंडे, हे रोज पोटात जायला हवे. घरातल्या सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खायची सवय या वयात सर्वांत महाग पडते.

दुसरी गोष्ट कानांची. ऐकू कमी येऊ लागले, की माणूस आधी कीर्तनात पुढे सरकून बसतो, मग मागे बसू लागतो, मग येतच नाही. घरचे म्हणतात, ‘बाबा आता एकटेच राहतात.’ ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली, त्यात कमी ऐकू येणे आहे, दृष्टिदोषावर उपचार न करणे आहे आणि एकटेपणही आहे. म्हणजे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि कानाचे यंत्र हे नुसते डोळ्याकानांचे उपचार नव्हेत.

एकादशीबद्दलही एक सांगायला हवे. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन दिवसभर उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. उलट साबुदाणा-बटाट्याने ती एकदम चढते. उपवास करायचाच असेल, तर गोळ्यांचे वेळापत्रक आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावे. घाम, थरथर, भोवळ जाणवली, की साखरपाणी घ्यावे. एकादशी असली तरी.

पैशांचा भाग थोडक्यात. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील गरजूंना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. त्यासाठी आधारकार्ड लागते, आणि येथेच अडते: राबलेल्या हातांच्या बोटांचे ठसे अनेकदा यंत्रावर उमटत नाहीत. घरातल्या तरुणाने कोयता घेऊन निघण्याआधी एक दिवस म्हाताऱ्यांना सोबत नेऊन हे कार्ड काढून द्यावे.