शर्यत एक, नावा अनेक

नाव पाणी कापताना लाट उठवते. लाटेची लांबी नावेइतकी झाली, की वेग वाढेनासा होतो. ४ मीटर लांबीच्या नावेसाठी ही मर्यादा ताशी सुमारे ९ किलोमीटर, १६ मीटरसाठी १८. लांबी चौपट, वेग दुप्पट! कॅटामरान म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी जोडलेली नाव. तिची लाट लहान, म्हणून ती ही मर्यादा ओलांडते.

मग वेगवेगळ्या नावांना वेळेचा गुणांक देऊन एकत्र पळवावे का? समजा, शर्यत वसई ते कल्याण आहे. खाडीत भरती सुमारे सहा तास. चपळ नाव भरतीबरोबरच कल्याण गाठेल. संथ नावेला डोंबिवलीजवळ ओहोटी आडवी येईल. ठरावीक गुणांक हा अन्याय दूर करू शकत नाही. म्हणून लांब पल्ल्याला जवळपास सारख्या वेगाचेच वर्ग निवडावेत.