विमाछत्र नसलेल्या प्रौढ अपत्याचा औषधोपचार व अर्थसहाय्याचे मार्ग : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

गोषवारा

मुलगा किंवा मुलगी सज्ञान झाल्यावर आईवडिलांच्या विमाछत्रातून बाहेर पडते. परंतु ग्रामीण कुटुंबात तिच्या आजाराचा भार आईवडिलांवरच येतो. प्रस्तुत लेखात अशा कुटुंबाला उपलब्ध असलेल्या अर्थसहाय्याच्या मार्गांचा जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या संदर्भात विचार केला आहे. महाराष्ट्रात या मदतीचा मुख्य आधार वय अथवा नोकरी नसून शिधापत्रिका हा आहे आणि मदतीचा काळ रुग्णालयातील भरती ते सुट्टी एवढाच आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : प्रौढ अपत्य, शिधापत्रिका, जन आरोग्य योजना, धर्मादाय रुग्णालय, सहाय्यता निधी.

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचे स्वरूप दुहेरी आहे. पूर्वेकडील पट्ट्यात कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो ही पिके घेतली जातात. पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर व कातकरी समाजाची वस्ती असून भातशेती, हिरडा गोळा करणे व मजुरी ही उपजीविकेची साधने आहेत. दोन्ही पट्ट्यांतील अनेक तरुण चाकण व भोसरी येथील कारखान्यांत कंत्राटी कामावर जातात. काम सुटले की तेथील विम्याचा लाभही थांबतो.

अशा तरुणाला अपघात झाला अथवा मूत्रपिंडाचा विकार जडला, तर खर्चाचा प्रश्न गावाकडील आईवडिलांपुढे उभा राहतो. दुभते जनावर विकणे, दागिने गहाण टाकणे, जमिनीचा तुकडा देऊन टाकणे हे मार्ग प्रथम अवलंबिले जातात. शासकीय योजनेची चौकशी पुष्कळदा त्यानंतर होते. तोपर्यंत योजनेचा काळ निघून गेलेला असतो.

उद्दिष्टे व पद्धती

१) प्रौढ अपत्य विमाछत्राबाहेर का राहते, हे स्पष्ट करणे. २) उपलब्ध मार्गांच्या अटी व मर्यादा समजून घेणे. ३) हे मार्ग कोणत्या क्रमाने अवलंबावेत, हे सांगणे. लेख वर्णनात्मक असून शासन निर्णय, कायद्यातील तरतुदी व योजनांचे नियम यांवर आधारलेला आहे.

वयाची अट व कुटुंबाची व्याख्या

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये पालघर येथून झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व उपचार अंतर्भूत आहेत. केंद्र सरकारी आरोग्य योजनेत मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, कमावता होईपर्यंत अथवा त्याचा विवाह होईपर्यंतच लाभार्थी असतो. खासगी कौटुंबिक विम्यातही साधारणतः अशीच वयोमर्यादा आढळते.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची रचना मात्र वेगळी आहे. तेथे कुटुंब म्हणजे शिधापत्रिकेवर नावे असलेल्या व्यक्ती. अपत्य २२ वर्षांचे असो वा ४०, त्याचे नाव शिधापत्रिकेवर असल्यास वयाची आडकाठी येत नाही. म्हणून प्रौढ अपत्याच्या बाबतीत 'पात्र आहे का?' याइतकाच 'नाव कोणत्या पत्रिकेवर आहे?' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. विवाहानंतर मुलीचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी होते, पण सासरी चढत नाही. मुलगा विभक्त होतो, पण नवी पत्रिका काढत नाही. अशा व्यक्तीची पात्रता कायम असली तरी ती सिद्ध करताना ऐन आजारात धावपळ करावी लागते.

अर्थसहाय्याचे मार्ग

अ) सार्वजनिक रुग्णालये : १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. मंचर येथील उपजिल्हा रुग्णालय, जुन्नर, नारायणगाव व घोडेगाव येथील ग्रामीण रुग्णालये, तसेच औंध येथील जिल्हा रुग्णालय यांना हा निर्णय लागू होतो. ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने या निर्णयाच्या कक्षेत येत नाही. हा भेद लक्षात न आल्याने अनेकांचा गैरसमज होतो.

आ) जन आरोग्य योजना : ही योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली व २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. आरंभी प्रतिकुटुंब वार्षिक दीड लाख रुपयांचे संरक्षण होते व ते पिवळ्या आणि केशरी पत्रिकाधारकांसाठी होते. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही मर्यादा पाच लाख रुपये करण्यात आली आणि शुभ्र पत्रिकाधारकांसह राज्यातील सर्व कुटुंबांचा समावेश झाला. या विस्ताराची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून सुरू झाली.

येथे तीन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. लाभ केवळ अंगीकृत रुग्णालयात मिळतो. उपचार योजनेच्या यादीतील असावा लागतो. आणि योजना रोकडविरहित असल्याने आधी पैसे भरून नंतर परतावा मागण्याची पद्धत तिच्यात नाही. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो. भरतीच्या वेळीच शिधापत्रिका व आधारकार्ड घेऊन त्याच्याकडे नोंदणी करावी. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याचीही सोय आहे. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक उपलब्ध आहे.

इ) धर्मादाय रुग्णालये : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार धर्मादाय रुग्णालयांवर गरीब रुग्णांबाबत बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून लागू झाली. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी निःशुल्क व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. यासाठी रुग्णालयाने एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. निर्धन गटासाठी १ लाख ८० हजार, तर दुर्बल गटासाठी ३ लाख ६० हजार रुपये अशी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आहे. तातडीच्या रुग्णाकडून अनामत रक्कम न मागता त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करणे रुग्णालयास बंधनकारक आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हा येथील कळीचा कागद होय. जुन्नरकरांना तो जुन्नर तहसील कार्यालयातून, तर आंबेगावकरांना घोडेगावातून मिळतो.

ई) मुख्यमंत्री सहाय्यता निधी : उपचार वरील योजनांत बसत नसल्यास हा पर्याय उरतो. रुग्ण भरती असतानाच अर्ज करावा लागतो. सोबत डॉक्टरांचे स्वाक्षरीचे खर्चाचे अंदाजपत्रक व १ लाख ६० हजार रुपयांपर्यंतच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती होत नाही. २०२५ पासून जिल्हाधिकारी कार्यालयांतही कक्ष सुरू झाल्याने मंत्रालयात जाण्याची गरज कमी झाली आहे.

उ) अपघात व वन्यप्राण्यांचे हल्ले : गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदार शेतकऱ्याबरोबर कुटुंबातील एका सदस्याचा समावेश होतो. मुलगा किंवा अविवाहित मुलगी तो सदस्य असू शकते. मात्र ही मदत मृत्यू व अपंगत्वासाठी आहे, रुग्णालयाच्या बिलासाठी नव्हे. जुन्नर परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात जखमी झाल्यास वन विभागाकडून स्वतंत्र अर्थसाहाय्य मिळते. त्यासाठी घटनेची माहिती विनाविलंब देणे आवश्यक असते.

याशिवाय मुंबईतील श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यास व टाटा ट्रस्ट्स यांसारख्या संस्था वैद्यकीय मदत देतात. ही मदत पूरक स्वरूपाची मानावी.

बिल व आईवडिलांची जबाबदारी

केवळ आईवडील आहेत म्हणून प्रौढ अपत्याच्या बिलाची कायदेशीर जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. हमीपत्रावर स्वाक्षरी केल्यास मात्र ती येऊ शकते. त्यामुळे भरतीच्या वेळी कोणत्या कागदावर अंगठा अथवा सही दिली जात आहे, हे वाचून घ्यावे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्ण हक्कांची सनद समाविष्ट झाली. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले आहे.

निष्कर्ष

१) प्रौढ अपत्यास खासगी अथवा नोकरीतील विमा नसला तरी ते राज्याच्या योजनेबाहेर नाही.
२) अडचण पात्रतेपेक्षा कागदपत्रे, रुग्णालयाची निवड व वेळ यांत अधिक आहे.
३) सुट्टी झाल्यावर व बिल भरल्यावर मुख्य मार्ग बंद होतात, म्हणून मालमत्ता विकण्याचा निर्णय चौकशीनंतरच घ्यावा.

शिफारशी

ग्रामसभेत वर्षातून एकदा शिधापत्रिकांतील नावे व आधार जोडणी यांची पडताळणी व्हावी. पश्चिम पट्ट्यातील पाड्यांसाठी घोडेगाव येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने तहसील कार्यालयाच्या सहकार्याने दाखले वितरणाची शिबिरे घ्यावीत. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी श्रमसंस्कार शिबिरात अंगीकृत व धर्मादाय रुग्णालयांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. आजार सांगून येत नाही. परंतु त्याच्यासाठी लागणारी शिधापत्रिका, आधारकार्ड व उत्पन्नाचा दाखला हे तीन कागद आधीच सिद्ध ठेवणे कोणत्याही कुटुंबाच्या हाती आहे.